हरिसाच्या पिसवा

२० फेब्रुवारी

पिसवा! मशिदीत पिसवा!

दुपारच्या नमाजानंतर बायका उठल्या त्या पोटऱ्या खाजवतच. रधिया खालाने मोजा खाली सारून दाखवला. लाल लाल पुरळ, ओळीने. "आसिया, झाडतेस की नुसता झाडू फिरवतेस गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांच्या बाजूची झाडलोट माझ्याकडे, आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मग खाला जिन्याखाली वाकली. तिथे हरिसा आणि तिची तीन पिल्लं. झालं! हरिसा म्हणजे बंदरावरची मांजरी. मिरचीच्या वाटणावरून नाव पडलं, ते उगीच नाही. कुणी हात पुढे केला की रक्त काढते.

"माझ्या मुनीरच्या गालिच्यात पिसवा!" खाला रडायलाच लागली. तिचा मुलगा मुनीर गेल्या हिवाळ्यात मासेमारीला गेला तो आलाच नाही. होडीही नाही, देहही नाही. त्याच्या नावाने तिने हा गालिचा दिलाय. तिला काय बोलणार? "रमजान लागायच्या आत ही पिलावळ इथून गेली पाहिजे. नाहीतर निझार पोत्यात भरून मिठागरावर सोडेल." निझार तिचा पुतण्या, त्याची माशांची गाडी आहे. मिठागरावर ना गोडं पाणी ना सावली. पिल्लं कशी जगायची तिथे?

२१ फेब्रुवारी

गुरांच्या डॉक्टरीणबाई ओल्फा, त्यांच्याकडे एक पिल्लू पिशवीत घालून नेलं. त्यांनी ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक! "पिसवांनी रक्त प्यायलंय हिचं." पिल्लं औषधाला फार लहान, म्हणाल्या. बारीक दातांच्या फणीने विंचरायचं, निघेल ती पिसू साबणाच्या पाण्यात. गालिच्यातली धूळ रोज यंत्राने ओढून काढायची, गालिचा उन्हात टाकायचा.

मी शेजारणीने दिलेली मेंढ्यांची पावडर दाखवली. बाई ओरडल्याच. "फेका ती! मांजरं मरतील त्यानं!" बरं झालं विचारलं.

"आणि आईला औषध लागलं नाही, तर बाकी सगळं पाण्यात." मानेच्या मागे, केस बाजूला करून कातडीवर. एवढीशी नळी. म्हणे एवढंच! त्यांनी एकदा हरिसाला धरून बघावंच.

२२ फेब्रुवारी

पिंजरा लावला. बया लांबूनच बघून निघून गेली. एकदा फसलीय ती पिंजऱ्यात, सुटताना कानाचं टोक तुटलं होतं. आता कशाला जाते!

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, सार्डिन माशाच्या पोटात घालून ठेवली. सार्डिन फस्त. गोळी फरशीवर, चाटूनपुसून ठेवलेली.

२७ फेब्रुवारी

धाकटं पिल्लू गेलं. सकाळी हात लावला तर गार. मी रोज विंचरत होते, वाटीतलं पाणी काळं होईपर्यंत विंचरत होते. पण आईपाशी दूध प्यायला गेलं की पुन्हा अंगभर तेच. अंजिराच्या झाडाखाली पुरलं. हरिसा जिन्याखाली हाका मारत फिरत होती. मला ऐकवेना.

१ मार्च

आज एक बघितलं.

हरिसा नमाजाच्या वेळी बाहेर येते हे ठाऊक होतं. सगळ्यांची कपाळं जमिनीला टेकली की येते, डोकं वर झालं की पसार. सजद्यातली माणसं हात उगारत नाहीत, हे तिला कळलंय. चतुर आहे! आज मी दंडाखालून चोरून पाहिलं — अल्ला माफ करो — कुठे जाते ही? तर सरळ रधिया खालाकडे. खालाचा सजदा सगळ्यात लांब. तिच्या गालाला अंग चिकटवून गोळा होऊन बसली. खालाचे डोळे गच्च मिटलेले.

ज्या मांजरीला पोत्यात घालायला निघालीय, तीच गालाशी! मला हसू आवरेना. नमाज पुन्हा पढावी लागली.

२ मार्च

हसू कुठल्या कुठे गेलं.

पायरीवर चपला घालताना खालाने माझा हात धरला. "कुणाला सांगू नकोस आसिया. सजद्यात गेलं की गालाशी ऊब येते गं. माझा मुनीर लहानपणी असाच गाल चिकटवून झोपायचा. तो येतो. त्याच्यासाठी तर मी येते, नाहीतर या गुडघ्यांनी कोण चढतंय इथवर?"



३ मार्च

सांगावं तर म्हातारीचं काळीज फाटेल. न सांगावं तर निझार पोतं घेऊन येणार, मांजरी जाणार, आणि ऊबही जाणार. औषध सजद्यातच लावावं, तर हरिसा पुन्हा तिच्याकडे फिरकायची नाही. कुठूनही बघा, खालाचंच जातंय.

आमच्या मशिदीचे इमाम शेख तिजानी, त्यांना विचारलं. खालाचं सांगितलं नाही, फक्त औषधाचं. ते हसले. "नमाजात मूल रडलं तर आई कडेवर घेतेच की. मांजरीला दोन थेंब लावलेस तर अल्ला काय रागावतो? पण पोरी, ती भरवशाने येते. भरवसा एकदा गेला की गेला."

हेच ऐकायचं होतं का मला? नव्हतं.

५ मार्च

लावलं!

खालाच्या शेजारी उभी राहिले, नळी अस्तनीत. सजद्यात हरिसा आली. केस बाजूला केले, किती मऊ आहे गं ती! नळी दाबली. फिस्स करून मनगट ओरबाडलं आणि उडीच मारली. सलाम फिरवून नमाज संपल्यावर खाला म्हणे, "काय वाजलं गं?" म्हटलं, "नाक माझं." मशिदीत बसून खोटं बोलले.

६ मार्च

हरिसा आली नाही. म्हणजे जिन्याखाली आहे, पिल्लांना पाजते आहे. नमाजात आली नाही.

९ मार्च

फणीत आज एकच पिसू, तीही मेलेली. पिल्लांच्या हिरड्यांवर गुलाबी छटा आलीय, एक तर माझ्या झाडूशी भांडतं! कुणी खाजवत नाही. मला नाचावंसं वाटतंय, आणि खालाकडे बघवत नाही.

१० मार्च

निझार पोतं घेऊन आला. खालाने त्याला दारातूनच परतवून लावलं. "राहू दे. चावत नाहीत आता." आवाजात जीवच नव्हता. नंतर मला म्हणाली, "तो येत नाही गं आता. मुनीर. मी काही चुकले का?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. मी भ्याले. "येईल खाला," एवढंच म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे.

१२ मार्च

पहिला रोजा. खाला मशिदीत आली नाही. मी सूप घेऊन घरी गेले. खिडकीशी बसली होती. "गुडघे दुखतात," म्हणाली. सुपाला हात लावला नाही.

मीच केलं हे. दोन पिल्लं वाचवली आणि म्हातारीला घरी बसवलं. घरी येऊन खूप रडले.

१३ मार्च

खाला आली. माझ्याशी बोलली नाही. सजद्यात इतका वेळ राहिली की बाकीच्या उठून गेल्या. कुणी आलं नाही.

१५ मार्च

असरची, दिवस कलल्यावरची नमाज. मी खालाच्या शेजारी, कपाळ टेकलेलं. पावलांचा आवाज नाही, पण कानाला केस लागून गेले. हरिसा!

आणि मग खालाचा आवाज, अगदी हळू, गालिच्यात तोंड असलेला: "आलीस का गं हरिसा? किती वाट बघायला लावलीस!"

नमाजात बोलली, नमाज तुटली तिची. सगळ्या गेल्यावर तिने ती पहिल्यापासून पढली.