दोन्ही बॅटऱ्या १२.७

१ जून, रविवार. सकाळी ७.१०. उणे चार.
आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा लागतो. आजपासून मोटरहोमची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीची, हिवाळी देखभाल सुरू. गेल्या पाच हिवाळ्यांत चार बॅटऱ्या गेल्या. चारही मुळातच सदोष होत्या. यंदा नवी वही, नवा मीटर, नवी पद्धत. बॅटऱ्या दोन: एक इंजिनाची, एक घराची, म्हणजे आतले दिवे, पंप, हीटर. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते. आज दोन्ही १२.६. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की हिवाळ्यात पूर्ण चार्ज करा, वायरी काढा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. पुस्तकं आळशी लोकांसाठी लिहिलेली असतात. कौन्सिलात बत्तीस वर्षं इमारती तपासल्यात मी. वापरात नसलेली वस्तू बिघडते, हे मला कुणी शिकवू नये. बॅटरीला रोज व्यायाम हवा. रोज सकाळी अर्धा तास सगळे दिवे, हेडलाइट आणि पंप चालू.
ध्येय: १ सप्टेंबर, वसंताचा पहिला दिवस, दोन्ही बॅटऱ्या १२.७.

३ जून, मंगळवार.
समोरची रेविन कुंपणावर रेलून व्यायाम बघत होती. तिचा नवरा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, गेल्या वर्षी वारला. वर्कशॉपात वायरी खरं तर तीच जोडायची असं आमच्या गावात, रॅनफर्लीत, म्हणतात. रॅनफर्लीत काहीही म्हणतात. मला म्हणाली, अरे, दिवे जाळून बॅटरी कोण सांभाळतं, वायर काढून ठेव. मी हसून सोडून दिलं. एकट्या बाईला बोलायला कुणीतरी लागतं.

९ जून, सोमवार.
इंजिन १२.३, घर १२.१. थंडीत आकडे आकसतात. व्यायाम अर्ध्या तासावरून पाऊण तास केला.
ग्लेनिसने विचारलं, नेल्सनला कधी पोचणार ते कर्स्टीला कळवू का. कर्स्टी म्हणजे आमची मुलगी, नेल्सन शहरात असते. तिचं पहिलं बाळ ऑगस्टअखेर होणार. म्हटलं, तारीख बॅटऱ्या ठरवतील. ग्लेनिसने विणकाम पुढे घेतलं. एकेचाळीस वर्षांत बाई समजूतदार झालीय.

१६ जून, सोमवार.
जेवताना ग्लेनिसने पुन्हा काढलं की सहा वर्षांत गाडी एकदाच बाहेर पडली. बरोबर आहे. ओमारूला गेलो आणि त्याच दुपारी परतलो, कारण पाऊस आला आणि चाकांना चिखल लागायला लागला. गाडी अजून शोरूममधल्यासारखी दिसते, त्याचं श्रेय कुणी देत नाही. गाडी घेतली ती तिच्या आईचं घर विकून, हेही तिने आज ऐकवलं. मग? नावावर तिच्याच केलीय ना. विम्यात सवलत मिळते. चालवायची अर्थात मी. एवढ्या लांब गाडीचा अंदाज सगळ्यांना येत नाही.

२१ जून, शनिवार. उणे सात.
इंजिन ११.९, घर ११.८. मीटर सदोष असावा. दुसरा मागवला.
रेविन रस्त्यापलीकडून ओरडली की एवढ्या रिकाम्या बॅटऱ्या उणे दहाला गोठून फुटतील. मी बॅटऱ्या घरात आणायचं आधीच ठरवलं होतं, त्यामुळे तिचं ऐकलं असं होत नाही. दोन्ही काढून लाँड्रीत, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर ठेवल्या, चार्जर लावला. दारावर लॅमिनेट केलेली सूचना: ‘देखभाल सुरू. आत येऊ नये.’ ग्लेनिसने विचारलं, कपडे कुठे धुवायचे. रेविनकडे मशीन आहे. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात.

२४ जून, मंगळवार.
लाँड्री गार. चार्जिंग मंद. उपाय सापडला: पलंगावरचं इलेक्ट्रिक ब्लँकेट. दोन्ही बॅटऱ्यांभोवती नीट बसतं, जणू त्यासाठीच शिवलंय. शिवाय चार्जरला वीज स्वच्छ मिळावी म्हणून बैठकीतला हीट पंप, म्हणजे खोली गरम करणारं यंत्र, दिवसा बंद ठेवायचा.
ग्लेनिस म्हणाली, "आणि मी?"
तिला गरम पाण्याची पिशवी दिली. माझी स्वतःची. एकदाच वापरलेली.

१ जुलै, मंगळवार.
ग्लेनिसला कामात सामील करून घेतलं. उद्यापासून रोज दुपारी दोन ते चार तिने गाडीत बसायचं, खिडक्या उघडायच्या आणि गाडीला हवा द्यायची. चावी तिच्याकडे सोपवली, वेळापत्रक लॅमिनेट करून दिलं. वाटलं होतं कुरकुर करेल. चावीकडे बघत राहिली आणि थँक यू म्हणाली. माणसाला जबाबदारी दिली की माणूस फुलतो.

१० जुलै, गुरुवार.
ग्लेनिस दोनाऐवजी चार-चार तास बसते. थर्मास, पुस्तक, लोकरीचं विणकाम नेते. शिस्त लागली.
रेविनपण येते हल्ली. आज ढकलगाडीतून दोन जड खोकी आणली, वर गोधडी टाकलेली. मुरंब्याच्या बरण्या असाव्यात. मला बघून म्हणाली, "काय आयव्हर, पिल्लं कधी बाहेर पडणार? तीन आठवडे झाले उबवतोयस."
इंजिन १२.२, घर १२.०.

१५ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ५.४०.
विलक्षण. गाडीत बॅटरी नाही, आणि गाडीत दिवा लागलाय. लाँड्रीच्या खिडकीतून स्वतः पाहिला. पंधरा मिनिटं उभा राहून विचार केला. खुलासा एकच: जूनमधल्या व्यायामाने वीज वायरिंगमध्ये मुरली आहे. पुस्तकवाल्यांना हे माहीत नाही. गाडीत जाऊन बघण्याची गरज वाटली नाही. चार्जरजवळून हलणं योग्य नव्हतं. मोटरहोम क्लबच्या मासिकाला दोन पानी पत्र लिहिलं. विषय: ‘मुरलेली वीज: एक निरीक्षण’.

२२ जुलै, मंगळवार.
छोटा अपघात. चार्जर जास्त वेळ राहिल्याने घराची बॅटरी उकळली. लाँड्रीत सडक्या अंड्यांचा वास. हाताशी आलं ते कापड घेऊन पुसलं. तो ग्लेनिसचा निळा सुती कोट निघाला, कापूस भरलेला, नेल्सनला घालायचा म्हणून घेतलेला. सायंकाळपर्यंत पाठीवर आठ-दहा भोकं पडली. आम्ल आपलं काम करणारच. मी म्हटलं, पाठीवर आहेत, तुला दिसणार नाहीत. ग्लेनिसने कोट हातात घेतला, पुन्हा लाँड्रीच्या खुंटीला अडकवला आणि बाहेर गेली. रागावली नाही. मला वाटलं होतं रागावेल.
संकल्प: चार्जरला टायमर.

२९ जुलै, मंगळवार.
खाटीक म्हणाला की ग्लेनिस काल जनावरांच्या बाजाराच्या आवारात दिसली, रेविनच्या नवऱ्याचा ट्रक रिव्हर्स घेत होती, आणि झकास घेत होती. त्याला म्हटलं, चष्मा बदल. ग्लेनिस मंगळवारी-गुरुवारी नेसबीला कर्लिंगला जाते. बर्फावर दगड सरकवतात बिचाऱ्या. काल मात्र सोमवार होता. असो. जादा सराव असेल.

५ ऑगस्ट, मंगळवार.
मासिक आलं. माझं पत्र छापलंय. विनोदाच्या पानावर. संपादकाची नजरचूक. दुरुस्तीचं पत्र पाठवलं.
इंजिन १२.४, घर १२.३. प्रगती.

१२ ऑगस्ट, मंगळवार. उणे नऊ.
गाडीखालून वाफ येते. काचांवर आतून ओल. हवा देण्यात ग्लेनिस हयगय करते आहे असं वाटून बोलायला गेलो. दार तिनेच उघडलं. आत चक्क उबदार होतं. रेविन आणि ती चीज रोल खात होत्या, पायांत नुसते मोजे. एक चीज रोल मला दिला, दारातच. मी म्हटलं, दोन माणसांच्या अंगाच्या उबेने एवढा फरक पडतो, याची नोंद करायला हवी. रेविनला खोकल्याची उबळ आली.
ग्लेनिस आजपासून रात्रीही गाडीतच झोपणार. चार्जरच्या घरघरीने तिची झोपमोड होते. मी याला रात्रपाळी म्हणतो. तेवढीच गाडीला राखण.

२० ऑगस्ट, बुधवार.
कर्स्टीला मुलगी झाली. आठवडाभर लवकर. नाव आयला. फोन आला तेव्हा मी घराच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत होतो. सहा कप्पे असतात, मध्येच थांबलं की कुठला भरला ते विसरतं. दाराआडून अभिनंदन कळवलं. बाळाचा आवाज ऐकवत होते म्हणे.
मग ग्लेनिस लाँड्रीत आली. सूचना असूनही. डोळे पुसत म्हणाली, "आयव्हर, मी एक तारखेला नेल्सनला निघतेय. तू येणार का?"
तिला मीटर दाखवला. इंजिन १२.५, घर १२.४. बॅटऱ्याच तयार नाहीत तर गाडी हलणार कशी? फार तर ऑक्टोबर.
"गाडीचं मी बघते. मी तुझं विचारतेय."
गाडीचं बघणं म्हणजे झाडणं-पुसणं, ते ती करतेच. म्हटलं, घाई करून चालत नाही. ती दार ओढून गेली. मला कप्पे मोजायचे होते. चार की पाच, ते शेवटी विसरलोच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
ग्लेनिसने वसंताची साफसफाई काढलीय. पातेली, रजया, तिची पुस्तकं, आईचा फोटो, सगळं गाडीत नेऊन ठेवतेय. घरात छान मोकळं वाटतं. तिला तिसऱ्यांदा समजावलं की ऑक्टोबर. ती म्हणाली, ठीक आहे आयव्हर. मला वाटतं तिला पटलं.
इंजिन १२.६, घर १२.६.

३१ ऑगस्ट, रविवार.
दोन्ही १२.७!
तीन वेळा मोजलं. दोन्ही मीटर. म्हणजे ठरल्या तारखेच्या एक दिवस आधीच मी म्हटलं होतं ते झालं. ग्लेनिसला सांगायला धावत गाडीकडे गेलो, पण पडदे ओढलेले होते. उद्या सकाळी सरप्राइज द्यावं. बॅटऱ्या बसवायच्या, इंजिन चालू करायचं, हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचं, चल, नेल्सन. ऑक्टोबर म्हटलं होतं, पण माणूस बदलू शकतो. ती रडेल बहुतेक.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.५०.
शेवटचं मोजमाप करतोय. बाहेर कुठलं तरी इंजिन धडधडतंय. कौन्सिलची रस्त्याची गाडी असणार. मोजमापाच्या वेळी शांतता हवी म्हणून खिडकी लावून घेतली. दोनदा हॉर्न वाजला. लोकांना सकाळचा मान राहिला नाही.
इंजिन १२.७, घर १२.७.

सकाळी ७.३५.
इंजिनाची बॅटरी दोन्ही हातांत धरून बाहेर गेलो. गाडी नाही. सगळीकडे पांढरं दंव, आणि मधोमध गाडीएवढा काळा कोरडा चौकोन. बॅटरी धरून त्या चौकोनात उभा राहिलो. किती वेळ, ते टिपलेलं नाही.
रेविन तिच्या दारात गाऊनवर उभी होती. म्हणाली, "सत्तेचाळीस मिनिटं थांबली होती रे ती. हॉर्न दिला, दोनदा."
मी विचारलं, गाडी चालू कशी झाली.
"जुलैत नव्या बॅटऱ्या बसवल्या मी. पूर्ण चार्ज करून, वापर नसेल तेव्हा वायर काढून, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे."

सकाळी ८.१५.
स्वयंपाकघरात टेबलावर चिठ्ठी. लॅमिनेट केलेली. माझ्याच मशीनवर.
‘आयव्हर, नेल्सनला जाते. तिथून पुढे उत्तरेला, मग बघू. तुझ्या बॅटऱ्या तुला राहू देत. हीट पंप आता दिवसाही लावता येईल. ग्लेनिस.’
शुद्धलेखन निर्दोष. कडा नीट कापल्यात. ती गेली.

३ सप्टेंबर, बुधवार.
शांतपणे विचार केला. ती परत येईल. विकतच्या बॅटऱ्यांना व्यायाम नाही, शिस्त नाही. पिक्टनच्या बंदराला पोचण्याआधीच कुठेतरी बंद पडणार. तेव्हा दोन तयार बॅटऱ्या कुणाकडे आहेत, ते तिला आठवेल. तोवर दोन्ही १२.७ वर राखायच्या.

७ सप्टेंबर, रविवार. फादर्स डे.
कर्स्टीचा फोन. आई गुरुवारीच पोचली, गाडीने वाटेत काही त्रास दिला नाही, पुलावर, घाटात, कुठेच नाही. आयला तिच्याकडे लगेच झोपते. मी बाळाचा आवाज ऐकवायला सांगितलं, तर म्हणाली, आताच झोपलीय बाबा, गाडीत, आईजवळ. मी म्हटलं, दोन्ही १२.७ आहेत. कर्स्टी म्हणाली, बरं.
संध्याकाळी हीट पंप लावून पाहिला. चालेना. अडीच महिने दिवसा बंद असायचा, बिघडला.
आज रात्री उणे सहा सांगितलंय. ब्लँकेट घरात एकच, बॅटऱ्यांवरचं, आणि ते काढलं तर आकडा उतरेल. म्हणून खुंटीवरचा ग्लेनिसचा निळा कोट घालून झोपतोय. पाठीला भोकांतून गार लागतं. फार गार लागतं.
इंजिन १२.७, घर १२.७.