आजीदेवीपुढे थांबणारी गाडी

बान नोंग सिम,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचा, थोंगबैचा, दोन्ही हात कपाळाला लावून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक. आई ठणठणीत आहे. पानाला चुना कमी पडला तर घर डोक्यावर घेते, त्यावरून काय ते समज. तुझा पनुवत शुक्रवारी भिक्षू होणार म्हणून तिने पांढरं झंपर आठवडाभर आधीच धुऊन उशाशी ठेवलंय. नातवाच्या भगव्या वस्त्राचं टोक धरल्याशिवाय आपल्याला स्वर्ग नाही, असं येताजाता ऐकवते (मुलाचं टोक धरून काही होणार नाही, हेही).

तुझा निरोप मिळाला. बाबांची गाडी भंगारात दे, आईसाठी मी व्हॅन पाठवते. ताई, तू थोरली, तुझा शब्द मोडायची माझी काय टाप! पण आईचं म्हणणं, "जाईन तर ह्यांच्याच गाडीतून. नाहीतर पनुवतला म्हणावं, इथे येऊन भिक्षू हो." म्हणजे गाडी शुक्रवारी सकाळी नऊच्या आत उबोनला तुमच्याकडे धडपणे पोहोचली नाही, तर आई स्वर्गाला मुकणार आणि मी तुझ्या तावडीत सापडणार.

गाडीची हकीकत अशी. वय एकतीस. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो (त्यामुळे मी कुठे वळलो ते सगळ्या गावाला कळतं), मागचं दार फक्त बाहेरून उघडतं, पेट्रोलचा काटा टाकी कायम भरलेलीच दाखवतो, म्हणून मी रोज सकाळी टाकीत बांबूची काडी घालून बघतो. ही वयाची दुखणी, त्यांचं काही नाही. खरा रोग वेगळा. घरून बाजाराला निघाल्यावर पंचवीस मिनिटं गाडी सुतासारखी सरळ धावते आणि चिंचेखालच्या आजीदेवीच्या देवळीपुढे आली की दोन उचक्या देऊन बंद पडते. रोज तिथेच. मग आई उतरून देवीपुढे लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवते, लमदुआन (तुझी भावजय, नेमबाज) पुढच्या चाकाला तीन लाथा घालते, मी पेट्रोल आहे ना ते काडीने पाहतो, आणि गाडी सुरू! गावाचा निकाल झाला की देवीच थांबवते. लोक गाडीचा नंबर टिपून त्या आकड्यांची लॉटरी घेऊ लागले, दोघांना लागलीसुद्धा. त्यानंतर माझ्या बंद गाडीभोवती जेवढी मन लावून बसलेली माणसं पाहिली, तेवढी छत्तीस वर्षं शाळेत शिकवून पाहिली नव्हती.

तीन मिस्त्री झाले. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने पंप, तिसऱ्याने कार्बोरेटर धुऊन वाळत घातला. भाऊजींनी तिकडून फोनवर बॅटरीचा दोष काढला (त्यांचा अधिकार मोठा, सायकल चालवतात). शेवटी गेलो बाजारातल्या नुअन मावशींकडे. ताई, या बाईंना हात जोडावेत. वय पासष्ट, नवरा गेल्यापासून गॅरेज एकट्या चालवतात. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाल्या, "इंजिन कुठे पळून जातंय? बंद पडल्यावर तुम्ही काय काय करता ते सांगा आधी." मी सरबत, लाथा, काडी, सगळं सांगितलं. "आणि सगळं एकदम करता? वर्गात तिघांना एकदम उत्तर द्यायला लावत होतात का हो मास्तर?"

काल त्या आमच्या घरापासून गाडीत आईशेजारी बसून आल्या. गाडी वेळेवर बंद पडली. मावशींनी हुकूम सोडला की कुणी हलायचं नाही, आधी आजींचं सरबत. आईने सरबत ठेवलं, हात जोडले. किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. आई म्हणाली, "दुपारची वेळ आहे, देवीचा डोळा लागला असेल." मग लमदुआन. तिला तीन लाथा सांगितल्या, तिने सहा घातल्या. काही नाही. मग मी टाकीकडे निघालो, तर मावशींनी माझं मनगट धरलं. "हात लावू नका. नुसतं बघा."

आता तुला सांगायला हवं की टाकीचं झाकण पावसाळ्यात हरवल्यापासून मी तिच्या तोंडावर प्लास्टिकची दुहेरी पिशवी घालून रबरबँड आवळले होते. (बाजारातून माशाचा रस्सा असाच घरी येतो, थेंब सांडत नाही. पेट्रोल काय वेगळं?) ती पिशवी आत ओढली जाऊन म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी दिसत होती. मावशींनी रबरबँड काढले, टाकीने फुस्स करून मोठा श्वास घेतला आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. "पेट्रोल खाली उतरायचं तर वरून वारा नको? मास्तर, तुम्ही हिचं नाक दाबून हिला पळवत होतात!" रोज सकाळी काडी घालायला मी पिशवी सोडत होतो, म्हणून पंचवीस मिनिटं पुरेल एवढा श्वास तिला मिळत होता. ताई, खरं सांगतो, मला लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. इतकं स्वच्छ डोकं मी पाहिलेलं नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हे मी जन्मभर मुलांना सांगितलं आणि स्वतः एकदाही केलं नाही. मावशींनी वारा आत जायला बारीक भोक असलेलं झाकण बसवलं. त्यानंतर नव्वद किलोमीटर फिरलो, गाडीने उचकी दिली नाही.

तेव्हा भंगाराचा विषय संपला. शुक्रवारी आईला बाबांच्याच गाडीतून आणतो. भाऊजींना नमस्कार, पनुवतला आशीर्वाद (गुरुवारपर्यंतच, पुढे आम्हीच त्याच्या पाया पडायचं).

तुझा,
थोंगबै

ता. क. आत्ता संध्याकाळी गाडी देवळीवरून न थांबता पुढे गेली आणि आईने एकच ओरडा केला. "ह्यांची गाडी देवीला न विचारता कधी पुढे गेली नव्हती, ही सुधारलेली गाडी नव्हे, बिघडलेली आहे, मी हिच्यात बसणार नाही!" आईला तसंच मावशींकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, मग ब्रेक कशाला दिलाय?" आईला पटलं. तेव्हा शुक्रवारी देवीपाशी अर्धा तास जाणार. थोडा उशीर झाला तर पनुवतला सांग, वस्त्राचं एक टोक राखून ठेव.

आणखी एक (पत्र उद्या पहिल्या बसने पाठवतो, वेळेत मिळेल). व्हॅन रद्द केली नसशील तर करू नकोस. लॉटरी लागलेले दोघे आणि अजून न लागलेले सात, सगळे पुण्य जोडायला येतो म्हणतात. गाडीत आई, लमदुआन आणि स्टेअरिंगवर नुअन मावशी. आई म्हणाली, "ज्याला पिशवी आणि झाकण यातला फरक कळत नाही, त्याच्या हाती माझा स्वर्ग देऊ?" व्हॅनमध्ये एकूण दहा जागा लागतील. दहावी माझी.