इस्त्रीची पावती

५ मार्च, मंगळवार

इस्त्री फुकट आली! आणली नाही, आली. घरी पिशव्या रिकाम्या करताना पावती बघितली. साबण आहे, तेल आहे, झाडू आहे, लादी पुसायचं फडकं तर दोनदा लावलंय — घेतलं एकच! — आणि वाफेची इस्त्री, आजची सगळ्यात महाग वस्तू, ती नाहीच.

झालं असं, खोका मोठा म्हणून ट्रॉलीच्या खालच्या फळीवर ठेवला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "राहू द्या मावशी, वाकू नका, मी शेवटी तिकडे येऊन स्कॅन करते." तेवढ्यात मागच्या बाईंनी पिशवीवरून तिच्याशी भांडण काढलं. ती विसरली. मीही. दारावरच्या पहारेकऱ्याने न बघताच पावतीवर शिक्का मारला.

उद्या जाऊन सांगते. ती मला मावशी म्हणाली, तरी सांगते.

६ मार्च

नाही गेले. लॅबमध्ये सकाळपासून रांग, संध्याकाळी पाय दुखत होते. पाय काय, रोजच दुखतात.

७ मार्च, गुरुवार

ह्यांनी खोका उघडला. दोन शर्ट करून बघितले. "वा, काय सरसर चालते गं!" मग वॉरंटीचं कार्ड घेऊन बसले. "पावती दे. दुकानातून शिक्का मारून आणायला हवा."

आणि मी म्हणाले, "हरवली."

का म्हणाले? पावती ह्याच वहीत आहे! पण तोंडातून निघून गेलं ते गेलंच. वीस वर्षं बस डेपोचं स्टोअर सांभाळणारा माणूस. चिठ्ठीशिवाय साधा नटसुद्धा कुणाला देत नाहीत. एकदा डेपोची पेन्सिल खिशात राहिली, तर अर्ध्या वाटेतून परत गेले होते! तेव्हापासून मी त्यांना हरिश्चंद्र म्हणते. पाहुण्यांसमोरसुद्धा. आता त्याच तोंडाने कसं सांगू, की दोन दिवस फुकटची इस्त्री दाबून बसलेय? आयुष्यभर ऐकवतील. नाही, ऐकवणार नाहीत. तेच जास्त वाईट.

९ मार्च, शनिवार

रिसेप्शनवालीला सांगितलं — माझ्या एका मैत्रिणीचं म्हणून. ती म्हणाली, "दुकानवाले आपल्याला कमी लुटतात? गप्प बस म्हणावं तुझ्या मैत्रिणीला." मग नखं बघत म्हणाली, "त्या काउंटरवालीच्या पगारातून कापतील बिचारीच्या. बाकी काही नाही."

बाकी काही नाही!

त्यानंतर तीन जणांची शीर सापडेना. एका आजोबांना दोनदा टोचलं. म्हणाले, "पोरी, आज लक्ष कुठंय?" सोळा वर्षं रक्त काढतेय, असं कधी झालं नव्हतं.

हे दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणून गेले ते संध्याकाळी उगवले. पावतीचं नाव काढलं नाही. सुटले.

१० मार्च, रविवार

हे आज विचित्रच वागतायत. स्वतः चहा करून आणला. समोर बसले, कपाचा कान चोळत राहिले. मग म्हणाले, "तुला काही कमी पडतं का गं? हवं ते मागत जा. लाजू नकोस."

मी म्हटलं, "एक शांत रविवार हवाय." हसले नाहीत.

११ मार्च

इस्त्रीला हात लावत नाही मी. चुरगळलेला कोट घालून कामावर गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोटातच झोपली होतीस का?" घरी आले, तर हे माझ्या दुसऱ्या कोटावर इस्त्री फिरवत होते. मी ओरडलेच — "ठेवा ती! नकोय मला!" ह्यांनी गुपचूप बटण बंद केलं. ओरडायला नको होतं. त्यांचा काय दोष?

१३ मार्च, बुधवार

गेले! वाटेत वाक्य पाठ केलं: "त्या दिवशी तुमच्याकडून एक वस्तू लावायची राहिली." तुमच्याकडून म्हणावं की आपल्याकडून? रांगेत नंबर आला, तोंड उघडलं — आणि काउंटरवर दुसराच कुणी. मागे दहा माणसं ताटकळलेली. साबण घेऊन परत आले. घरात आता इतके साबण आहेत की गावाला अंघोळ घालता येईल.

तिला काढलं तर नाही ना? माझ्या ह्या घोळापायी तिची नोकरी गेली असली तर?

१४ मार्च

उद्या. नाही गेले तर ही वही फाडून टाकेन.

१५ मार्च, शुक्रवार

होती ती! सुट्टीवर होती फक्त. तिला बघून इतकं बरं वाटलं की पाठ केलेलं वाक्य विसरून भडाभडा सगळं बोलले. तिचा चेहरा पडला. तिने सुपरवायझरला बोलावलं. त्याने कंप्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "ते मिटलं की, बाई. तुमचे मिस्टर शनिवारी येऊन भरून गेले."

मला कळेचना. मग त्यानेच सांगितलं. हे वॉरंटीसाठी पावतीची दुसरी प्रत मागायला गेले होते. प्रत काढली, तर त्यात इस्त्रीच नाही! "घामच फुटला हो त्यांना. तिथल्या तिथे पैसे भरले. हात जोडून म्हणाले, ती आली तर कुणी काही बोलू नका, मी घरी बघतो."

हात जोडले! माझ्यासाठी!

ती मुलगी दारापर्यंत मागे आली. हळूच म्हणाली, "मावशी, मीच स्कॅन करायची विसरले हे तुमच्या मिस्टरांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण साहेब शेजारीच उभे होते." तिच्यावर रागवावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने? मी तरी दहा दिवस दुसरं काय केलं?

म्हणजे शनिवारपासून हे धरून चाललेत की मी ती चोरली. आणि मीच तर पावती हरवली म्हणून सांगितलं. पण बावीस वर्षांच्या बायकोला एका शब्दाने विचारायचं नाही? इतका राग आलाय, आणि रडूही येतंय.

उद्या सकाळी पावती समोर ठेवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. मग हसतील, मीही हसेन.

१६ मार्च, शनिवार

सांगितलं. खालची फळी, मागच्या बाईंचं भांडण, ती मुलगी, तिचे साहेब, सगळं.  ह्यांनी पावती हातात घेतली, पण बघितली नाही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं. झालं ते झालं. परत नको हं असं करूस."