बाटलीत घातलेले पाणी आणि उरलेले दोन काप

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
भांडार व खरेदी विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: प्रतिपिंडाची बाटली काठोकाठ भरून दिल्याबद्दल आभार, व पुढची बाटली न उघडण्याबाबत विनंती.
संदर्भ: माझ्या तक्रारीवरील आपला शेरा, "रंग आला नाही, म्हणजे रोग नाही. प्रकरण बंद करावे."

महोदय,

१. मी ऊती तपासणी प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे आहे. रुग्णाच्या गाठीचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि त्यांवर प्रतिपिंडाचे थेंब सोडायचे, हे माझे काम. कर्करोगाशी संबंधित विषाणूचे प्रथिन कापात असेल तर प्रतिपिंड त्याला चिकटते व तिथे तपकिरी रंग चढवता येतो. हे आमच्या सफाईवाल्या मावशींनाही समजले आहे.

२. मागणी केल्यापासून सात महिन्यांनी प्रतिपिंडाची बाटली आली. तिच्या तळाशी थेंबभरच द्रव असतो, कारण तेवढा पुरतो. आपण मात्र माल कमी आला असे ठरवून मोजणी समिती नेमली. समिती जमेपर्यंत बाटली नऊ दिवस आपल्या टेबलावर होती. 'थंड जागी ठेवा' ही सूचना आपण वाचली होती, असे आपले लिपिक सांगतात. पण फ्रिजमध्ये समितीच्या अध्यक्षांचा डबा होता. मग समितीने द्रव मोजपात्रात ओतला. तो पात्राच्या कडांनाच चिकटून बसला, तेव्हा नोंद जुळावी म्हणून पिण्याच्या पाण्याने बाटली गळ्यापर्यंत भरली. पुरा माल मिळाल्याची सही मी केली, ही माझी चूक. इतकी भरलेली बाटली मी जन्मात पाहिली नव्हती, तरी काम तुंबले होते म्हणून डोळे झाकून वापरली. पाण्याची गोष्ट लिपिकांनी नंतर सांगितली, तीही अभिमानाने.

३. प्रत्येक तपासणीत रुग्णाच्या कापाशेजारी, ज्यात विषाणू नक्की आहे असा एक जुना काप ठेवतात. तो रंगला नाही तर तपासणी झालीच नाही असे धरतात. या वेळी तो रंगला नाही. तो काप ज्यांचा आहे ते गृहस्थ याच रोगाने सहा वर्षांपूर्वी वारले. आपल्या शेऱ्याप्रमाणे तेही ठणठणीत आहेत. त्यांच्या घरी आपणच कळवावे.

४. आता ज्यांच्यासाठी हा अर्ज आहे त्यांच्याविषयी. हे रुग्ण रंगारी आहेत, छते रंगवतात. मानेत गाठ आहे, मूळ सापडत नाही. विषाणूचे प्रथिन दिसले तर मूळ नाकामागे शोधून किरणोपचार करायचे, नाहीतर मान उघडायची, असे शल्यचिकित्सकांनी ठरवले आहे. त्या शस्त्रक्रियेत खांद्याची नस दुखावली तर हात डोक्यावर जात नाही. छत रंगवणाऱ्याचा हात. त्यांच्या पत्नी रोज खिडकीशी येतात आणि एवढेच विचारतात, "ताई, रंग आला का?" मी नाही म्हणते. त्यावर त्या हसून म्हणतात, "मग बरंच की." त्यांनाही आपल्यासारखेच वाटते, पण त्यांना कोणी अधिकारी केलेले नाही.

५. गाठीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. आपल्या पाण्यावर त्याचे सहा काप गेले. आता दोनच निघतील. गाठ रक्तवाहिनीला खेटून असल्याने पुन्हा तुकडा काढायला डॉक्टर तयार नाहीत.

६. सबब, नवी बाटली शेजारच्या रुग्णालयाकडून उसनी आणण्यास आजच परवानगी द्यावी. ती मी स्वतः बर्फाच्या पेटीतून आणीन. आपल्या विभागाने तिची मोजणी, पाहणी, स्वागत यांपैकी काहीही करू नये. शस्त्रक्रियेची तारीख शुक्रवारची आहे.

७. परवानगी देणे जमत नसेल, तर 'विषाणूचे प्रथिन आढळले नाही' असा अहवाल सोबत टंकलिखित करून जोडला आहे. त्यावर मी सही करणार नाही. सहीच्या जागी आपले नाव व पद घातले आहे. रंगाऱ्यांच्या पत्नी उद्या दहा वाजता येतील. त्यांना आपली खोली दाखवून ठेवली आहे.

उत्तराच्या नव्हे, बाटलीच्या प्रतीक्षेत,
वरिष्ठ तंत्रज्ञ,
ऊती तपासणी प्रयोगशाळा
मंगळवार, दि. १४

सोबत:
१) न रंगलेल्या दोन काचा (एक रुग्णाची, एक मृताची)
२) पाण्याची बाटली, भरलेली
३) अहवाल, सहीविना