पहिला घोट

खालापूर, ३ डिसेंबर १८९४

कर्जतला आगगाडीतून उतरलो तेव्हा उजाडत होते. बैलगाडीने इथे पोचेपर्यंत धुके विरले आणि खळ्यांवरून पेंढ्याचा वास येऊ लागला. तळ्याकाठचे कौलारू घर मिळाले आहे. ओटी ऐसपैस, दवाखान्याला उत्तम! मन इतके प्रसन्न की गाडीवानापुढेच व्याख्यान झोडले. मुंबईत गोरे डॉक्टर आपल्या मुळ्यांना हसतात, आणि आपले वैद्य पोथी पुढे करून रडतात. मला दोघांचाही संताप येतो. शतावरीच्या मुळीने पोटातला व्रण भरतो की नाही, हे मी मोजून दाखवणार. मार्चमध्ये मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत कागद टेबलावर आपटीन! गाडीवानाने शांतपणे विचारले, एवढे बोलून घसा दुखत नाही का.

८ डिसेंबर

डोंगराकडच्या वाडीतली चिंधी नावाची म्हातारी मुळ्या खणून देते. तिचा एक रिवाज आहे. पोटाचे औषध देणाऱ्याने करवंटीतला पहिला घोट स्वतः घ्यायचा, मग त्याच करवंटीतून रोग्याला पाजायचे. विचारले, न घेता पाजले तर? बोळक्या तोंडाने हसली. म्हणाली, मंग तू दुसऱ्याला पाजशील त्येच तुला मिळंल रं बाबा, दुसरं काय नाय.

असल्या भाबडेपणावर माझे एक स्वतंत्र भाषण आहे.

१२ डिसेंबर

बारा रोगी जमले. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली: सहांना मुळीचा रस, सहांना तांदळाची पातळ पेज. दोन्हींत कडूजहर काडेचिराइत, म्हणजे चवीवरून ओळखू येणार नाही. तुलना नाही तर पुरावा कसला? कोणाला काय, हे फक्त मला आणि माझ्या जमाल कंपाउंडरला ठाऊक.

रिवाज पाळल्याशिवाय कोणी पीत नाही. म्हणून लाल दोऱ्याच्या बरणीतला, म्हणजे रसाचा, एक घोट मी सर्वांदेखत घेतो. पुढे ज्याला जे नेमले ते. भागूबाई पेजेच्या गटात आली. छातीच्या हाडाखाली दोन बोटांवर जळते म्हणते. मी घोट घेताच तिने करवंटी धरायला ओंजळ पुढे केली. म्हणाली, डागदर, तुमी पयले पिलात, मंग आमाला कसलं भ्याव?

२० डिसेंबर

रस घेणारे सहाही सुधारले! एकाने तर काल पोटभर भाकरी खाल्ली.

भागूबाई रक्त ओकली. जमालने हात जोडले: तिला एक करवंटी रस द्या, तक्त्यात लिहू नका. मी सुनावले, एका बाईच्या दयेपायी हजारोंचा पुरावा बुडवू? वाक्य चांगले जमले, सभेत वापरावे. जमाल बोचके बांधून कर्जतला निघून गेला.

२४ डिसेंबर

आज सकाळी भागूबाई रांगेत बसल्या जागी गेली. ओंजळ पुढे केलेली. तिच्या नवऱ्याला ती मिटवता येईना.

तक्त्यात लिहिले: पेज, मृत्यू. 

२७ डिसेंबर

रांगेत अकरा माणसे. करवंट्या अकराच काढल्या होत्या. वाटून झाल्यावर मोजल्या, बारा. बारावीही रिकामी. तळाशी रक्त.

२९ डिसेंबर

हाडाखाली दोन बोटांवर जळते आहे. जागा तीच.

लाल दोऱ्याच्या बरणीतून प्यालो. कडवटपणाखाली भाताचा वास— पेज! त्याच बरणीतून पिणाऱ्या रोग्यांना विचारले. त्यांना भाताचा वास येत नाही. मला मात्र—

३१ डिसेंबर

तोंडातून रक्त पडले. चिंधीला बोलावले. तिने समोर मुळी ठेचली, पहिला घोट स्वतः घेतला, करवंटी दिली. माझ्या तोंडात— पेज.

तिला सगळे सांगितले. तिने करवंटी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, पेजेचे पाच जण अजून जिते हायेत. तुझ्या हातानं त्येंना रस पाज. मंग तुझ्या तोंडाची पेज सुटंल.

पाच जणांना रस पाजला तर तक्ता फुकट. मार्चला दोनच महिने—

नाही म्हणालो. चिंधी करवंटी उपडी करून गेली.

२ जानेवारी

भर दुपार. पाचही जण ओटीवर. लाल बरणी हाताशी आहे. नुसती पुढे केली तरी—

पेजच वाटली.

रांगेच्या शेवटी भागूबाई. ओंजळ अजून तशीच.

३ जानेवारी

रोगी तेरावा: मी. गट: पेज. नोंद पुरी व्हायला हवी—

बाकीचे उठून गेले. ती उठत नाही. ओंजळ भरलेली आहे. पांढरे, पातळ.

रिवाज पाळते आहे. पहिला घोट तिने घेतला— आता माझ्या ओठांना—