उजवी बाजू पेशंटची

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
संक्रांतीनंतरचा बुधवार

तीर्थरूप शांतारामदादा यांस,

धाकट्या गिरिजाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. थंडीनं बोटं आखडली आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. (एरवीही असंच येतं, पण या खेपेला कारण तरी आहे.) तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू "बरी आहे" म्हणशील आणि ते खोटं असेल. लतिकावहिनी मला सगळं सांगते. एकाच गालानं जेवतोस, लवंगांची बरणी रिकामी केलीस आणि गिऱ्हाइकाला "बर्फ टाकू का" एवढंसुद्धा धड बोलता येत नाही, नुसता हातानं दाखवतोस. फोन तू उचलत नाहीस. मागच्या वेळी मी "दात" एवढंच म्हटलं, तर तुला लगेच गिऱ्हाईक आलं. (भर थंडीत, सकाळी सकाळी, उसाचा रस प्यायला! कोण आलं होतं, हत्ती?) म्हणून पत्र लिहिते. पत्र कट करता येत नाही.

आधी कामाचं. हे यंदा पलटणीतून रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, हे तुला माहीत आहेच. तू मोठ्या मनानं कळवलंस की, गिरिजा, साताऱ्याला परत ये, माझ्या रसवंतीवर ग्लास विसळायला बाईमाणूस लागतंच आहे. दादा, तुझा जीव चांगला आहे, पण मला तुझे ग्लास विसळायचे नाहीत. आर. के. पुरममध्ये मृणाल डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना आहे. बाई पुण्याच्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या, बोलतात मराठी पण मधे मधे "यार" घालतात. तिथं मी झाडलोट करते ते तुला माहीत आहे. तर दिवाळीनंतर त्यांच्या हाताखालची मुलगी लग्न करून गुडगावला गेली. बाई म्हणाल्या, "गिरिजाताई, तुमचा हात कापत नाही, रक्त बघून तुम्ही किंचाळत नाही, तुम्हीच शिका ना. माझ्याकडे तयार झालात, की साताऱ्यातसुद्धा कुठलाही डेंटिस्ट तुम्हाला ठेवून घेईल." मी चौथी शिकलेली बाई. मी म्हटलं, शिकवा, पण लवकर शिकवा, मला फार वेळ नाही.

तर दादा, आता तोंड म्हणजे काय ते ऐक. आजवर तू ते फक्त खायला आणि बाटलीचं झाकण उघडायला वापरलंस. तोंडाचे चार भाग असतात, अगदी आमच्या आर. के. पुरमच्या सेक्टरसारखे. वर दोन, खाली दोन, आणि प्रत्येक सेक्टरात आठ क्वार्टर. मोजायला मधून सुरुवात करायची. पहिले दोन कापायचे दात, तिसरा सुळा, मग दोन उपदाढा, मग तीन दाढा, त्यातली शेवटची अक्कलदाढ. (ती तुला आली का हे बघायची मला फार दिवसांची इच्छा आहे.) दाताला नावानं हाक मारत नाहीत, पत्त्यानं मारतात. "दोन-सहा" म्हणजे दुसऱ्या सेक्टरातलं सहावं क्वार्टर. सव्वीस म्हणायचं नाही, बाई चिडतात. आणि एकेक दात म्हणजे खरोखर घर आहे बघ. बाहेरून पांढरं प्लास्टर, त्याला इनॅमल म्हणतात, शरीरात त्याच्यापेक्षा कडक काही नाही. आत विटा, ते डेंटिन. आणि सगळ्यात आत वायरिंग, तो पल्प. हिरडीखाली पाया, म्हणजे मुळं. तुझं प्लास्टर पडलं, विटा भिजल्या, तोवर तू गप्प बसलास. आता पाणी वायरिंगपर्यंत पोचलंय आणि तू वर लवंगा ठेवतोस. घराला आग लागली तर तू दारात उदबत्ती लावशील का?

हे सगळं मी भराभर पाठ केलं. न्हाणीघरातल्या आरशासमोर तोंड उघडून, बोट घालून, एक-एक, एक-दोन, एक-तीन. पहिला सेक्टर उजवीकडे वर, दुसरा डावीकडे वर, तिसरा डावीकडे खाली, चौथा उजवीकडे खाली. एकदाही चुकले नाही. मग बाईंनी मला खऱ्या पेशंटपाशी उभं केलं आणि माझी फजिती झाली. मंत्रालयातून रिटायर झालेले एक मोठे साहेब होते, चहाचा थर्मास बरोबर घेऊन आलेले. बाई म्हणाल्या, "एक-सहापाशी बधिर करायचं मलम लावून ठेवा, मी हात धुऊन येते." मी माझ्या उजव्या हाताच्या बाजूला साहेबांच्या वरच्या हिरडीला नीट, भरपूर, प्रेमानं मलम लावलं. बाई परत आल्या, इंजेक्शन उचललं, आणि थांबल्या. "अरे यार, गिरिजाताई, ही तर दोन-सहा!" साहेब तुझ्यासमोर तोंड करून बसले, तर त्यांची उजवी बाजू तुझ्या डावीकडे येते की नाही? आरशात ती उजवीकडेच राहते. मी आख्खं तोंड आरशात शिकले होते, त्यामुळे माझ्या डोक्यात सगळ्या दिल्लीची तोंडं उलटी बसली होती. बाईंनी सुई ठेवली, बरोबर बाजूला मलम लावलं. साहेब दोन्हीकडून बधिर झाले. घरी जाताना थर्मासमधला चहा प्याले, तो अर्धा स्वेटरवर आला. रागावले नाहीत, निदान रागावले असतील तर ते ओठांवरून कळत नव्हतं.

बाईंनी सांगितलं, अजून एक संधी, नाहीतर शिकलेली मुलगी आणावी लागेल. सुई आहे, ताई, अंदाजानं नाही चालत. बरोबरच बोलल्या. मी घरी येऊन पोळ्या अशा लाटल्या की ह्यांनी विचारलं, पोळपाटाचं काही चुकलंय का. मी सांगितलं. तर हे हसले! ट्रंकेवर बसून, हातात मटारची शेंग, आणि हसले. म्हणाले, अगं, रंगरूटांपुढे पहिल्या दिवशी प्रत्येक उस्तादाचं हेच होतं. उस्ताद पलटणीसमोर तोंड करून उभा राहतो आणि "दाहिने मुड़" म्हणतो, ते दाहिने पलटणीचं. उस्तादाचं दाहिने गेलं चुलीत. मग मला अंगणात उभं केलं, स्वतः समोर सावधान उभे राहिले, तोंड उघडलं आणि म्हणाले, दे हुकूम. मी "एक-सहा" म्हणायची, आणि बोट ठेवायची ते त्यांच्या उजवीकडे. चुकलं की हे तोंड मिटायचे. (बोट आत असताना. असं शिक्षण लवकर लागतं.) क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती, पण आता मला झोपेत विचार. माझी उजवी बाजू मी विसरले आहे. परवा भांगसुद्धा उलटीकडे पाडला.

तयारी इतकी झाली की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला राहवेना. शेजारच्या नाईकांची सुनयना तिळगूळ घ्यायला वाकली, मी लाडू तिच्या तोंडाजवळ नेला आणि म्हटलं, थांब, मोठा आ कर. चार-सातच्या गालाकडच्या भिंतीला काळं आहे गं, तिळगूळ दुसऱ्या बाजूनं खा. ती बिचारी वाण न घेताच गेली. मागच्या बायका ओठ घट्ट मिटून कुंकू लावून घेत होत्या, "गोड बोला" म्हटलं तरी कुणी बोलेना. आता मी नळावर गेले की नळ मोकळा होतो. तेवढा फायदा झाला.

पण बाई खूश आहेत. गेल्या आठवड्यात त्या सांगत गेल्या आणि मी दातांच्या तक्त्यावर खुणा करत गेले, एकही खूण उलटी नाही. ह्यांना मी म्हटलं आहे, साताऱ्यात खोली बघू, मी कामावर जाईन, तुम्ही पोळ्या शिका. हे पोळपाटासमोर सावधान उभे राहतात, पण शिकतील.

वहिनीला नमस्कार. रसवंतीवरच्या घुंगरांना तेल दे, फोनवर फार कर्कश येतात.

तुझी धाकटी बहीण,
गिरिजा

ता. क. : शेवटची परीक्षा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. एका अख्ख्या तोंडाचा तक्ता मी एकटीनं करायचा, आणि पेशंट आपला आपण आणायचा. ह्यांचे सगळे दात जागच्या जागी, तिथं परीक्षा कसली होणार? आणि लाइनीतली एकही बाई माझ्यासमोर तोंड उघडायला तयार नाही. दादा, तुझ्या तोंडात चांदीची टोपी आहे, झाकणं उघडून पडलेली फट आहे, किडलेली दाढ आहे, वाकडं आलेलं सगळं आहे. असं तोंड सगळ्या दिल्लीत मिळणार नाही. तुझं तिकीट काढलं आहे.

ता. क. दुसरं : घाबरू नकोस. तू दुपारी आ वासून झोपला होतास तेव्हा वहिनीनं तुझ्या तोंडाचा फोटो काढून पाठवला. मी तो बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आत्ता आला तर दाढ काढावी लागणार नाही, वायरिंग साफ करून वाचवता येईल. उशीर केला तर सांगता येत नाही. म्हणजे पास मी होणार आणि ऊस तू खाणार.

ता. क. तिसरं : मी त्या फोटोवरून तक्तासुद्धा करून ठेवला आहे : किडलेली दाढ, चार-सहा. पण आत्ता पत्र बंद करताना लक्षात आलं की फोटोच्या कोपऱ्यात वहिनीचा कान दिसतो आहे. म्हणजे तिनं समोरच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढला असणार, आणि माझ्या फोनवर तो सरळ आला की आरशासारखा, देव जाणे. मग ती तीन-सहाही असेल. वहिनीला विचारलं, तर म्हणते, "माझ्याकडून डावीकडे." दादा, आता खरं काय ते फक्त तुझ्या गालाला माहीत. गाडीतून उतरताना मफलर दुखऱ्या बाजूला बांध. मी लांबूनच ओळखीन, आणि तुझ्याच उजव्या-डाव्यानं ओळखीन.