काळ्या नदीवरचे डास

दोहा, जानेवारी १९८५

प्रिय महिपती,

तुझं पुस्तक वाचलं. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस धोंडीराम पुण्याहून येताना घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवत म्हणाले, "तेरेसाबाई, आपला महिपती बघा कुठल्या कुठे पोचला!" ‘काळ्या नदीवर एकटा’. मुखपृष्ठावर तुझा फोटो, डोक्यावर गवती टोपी. टोपी मी लगेच ओळखली. ती आमच्या दारामागच्या खिळ्याला असायची. ग्रेगरीदादा गेल्यावर आठवण म्हणून तू मागून नेलीस, आणि मी वेडी रडत रडत ती कागदात बांधून दिली.

ते शुक्रवार आठवतात का रे? तू इथल्या बांधकाम कंपनीत नकाशे काढायचास, मी हॉस्पिटलच्या ऑफिसात. सुट्टीच्या दुपारी तू आमच्याकडे बोंबील खायला यायचास. मी मंडळात भाषणाला उभी राहिले की बंबवाल्यांना कळवा, म्हणून चिडवायचास. मूत्रपिंडं निकामी झालेला माझा भाऊ खाटेवर बसून सांगत राहायचा, कारण सांगण्याशिवाय त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. तो नोकरीला होता ते जहाज त्याला तापात ब्राझीलच्या बंदरावर सोडून गेलं होतं. मग दोन वर्षं तो रिओ निग्रोवरच्या, म्हणजे तिथल्या काळ्या नदीवरच्या, बोटीचं इंजिन सांभाळत होता. बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा ग्लास उजेडात धरून तो म्हणायचा, "ही बघ माझी नदी! ग्लासात तांबूस, पात्रात काळी कुळकुळीत." जंगलाचा पाचोळा वर्षानुवर्षं पाण्यात मुरतो, म्हणून तो रंग. पाणी चढलं की अख्खं रान बुडतं, बोट झाडाच्या शेंड्याला बांधावी लागते, आणि मासे फांद्यांमधून फिरत फळं खातात. गुलाबी डॉल्फिन. खाली पांढरी शुभ्र वाळू. परदेशी काचपेट्यांसाठी नखाएवढे लाल-निळे मासे धरणारी कुटुंबं, झाडूसाठी ताडाचे तंतू कापणारी माणसं. आणि ती म्हातारी, जिनं कंदाचं भाजलेलं पीठ भरवून माझ्या भावाला जगवलं. तुझ्या पुस्तकात ती म्हातारी तुला भरवते आहे. एकशे ऐंशी पानांत ग्रेगरी हे नाव एकदाही नाही.

दादाला वसईच्या मातीत ठेवलं त्याच वर्षी तू नोकरी सोडून पुण्याला गेलास. पत्र पाठवलंस की दादावर लेख लिहितोस, आठवेल ते सगळं कळव. मी कळवलं. दिवाळी अंकात लेख आला. त्यात दादा नव्हता, ‘मी’ होता. मी इथल्या गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले असते, हे तुला ठाऊक आहे. पण गप्प बसले. राजकारण्यांना, मंत्र्यांना मी भर सभेत सोललंय; तुझ्यासाठी मात्र सभा मोठी हवी होती. पहिल्या पायरीवरून ढकललेला माणूस धूळ झटकून उठतो. तू वर चढेपर्यंत मी वाट पाहिली.

आणि तू चढलास. मला पुन्हा लिहिलंस: पुस्तकाचे संपादक म्हणतात, रात्रीचं वर्णन नाही, दादा रात्रीबद्दल काय सांगायचा? खरंच, महिपती, त्या सगळ्या शुक्रवारांत तू दादाला हे कधी विचारलंच नाहीस. मासे विचारलेस, डॉल्फिन विचारलेस. माणूस झोपायचा कसा, हे नाही. मी उलट टपाली उत्तर दिलं: डास, अंधारापेक्षा दाट डास, दोन मच्छरदाण्या, तरी सकाळी अंग सुजलेलं. तू त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंस, ‘डासांची रात्र’. पुरस्काराच्या परीक्षकांना म्हणे तेच सर्वांत जिवंत वाटलं.

त्या नदीवर डास जवळजवळ नसतातच. पाणी इतकं आंबट की डासांची अंडी-अळ्या तगत नाहीत. दादा उघड्या डेकवर, टांगलेल्या झोळीत, मच्छरदाणीशिवाय झोपायचा. वसईत डासांनी फोडून काढलेला माझा भाऊ आयुष्यात शांत झोपला तो तिथेच. शेवटच्या दिवसांत इथल्या एसीच्या घरघरीत त्याला डोळा लागायचा नाही, तेव्हा तो ती झोपच मागायचा. तिथे एक रात्र काढलेल्या कुणालाही विचार, तुझं प्रकरण ऐकून तो हसेल. ते डास माझे आहेत. मीच ते तुझ्यावर सोडले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मंडळानं तुला पुढच्या महिन्यात सत्काराला बोलावलंय, तिकीट निघालंय, हॉल ठरलाय, पत्रकार येणार आहेत. तू येच. आजारी पडलास, तर का पडलास ते मी सभेला सांगेन. शाल घे, नारळ घे, तासभर बोल. त्या तासात माझ्या भावाचं नाव तुझ्या तोंडून आलं, ही नदी त्याची होती असं तू उभ्यानं कबूल केलंस, तर मी दोन वाक्यं बोलून खाली बसेन. नाही आलं, तर डासांपासून सुरुवात करेन. कार्यक्रमपत्रिका सोबत नाही, म्हणून कळवते: आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे. आणि आपल्या सभेची रीत तुला माहीत आहे. आभार मानून झाले की मग कुणालाही बोलता येत नाही. पाहुण्यालाही नाही.

येताना टोपी आण.

एके काळी तुझी म्हणवून घेणारी, आता फक्त ग्रेगरीची बहीण,
तेरेसा